सांगायचा भाव, द्यायचा भाव

निपाणी,
गुरुवार

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या गुंडूचा साष्टांग नमस्कार. (माधवी, पत्र आक्काला आहे, पण वाचून दाखवणार तू. म्हणून कंसातलं सगळं फक्त तुझ्यासाठी. ते मनात वाच आणि चेहरा साधा ठेव. तुझी आई चेहरा वाचते, तेवढी एकच लिपी तिला येते.)

इकडे आम्ही ठीक आहोत. शालूचे गुडघे दुखतात, पण ते तू इथं होतीस तेव्हाही दुखत होते, तेव्हा त्यात बातमी काही नाही. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. उत्तर मात्र देऊ नकोस. तू बोललीस की तुला धाप लागते, आणि तुला धाप लागली की तुझी लेक मला फोन करून अशी झापते की मलाही लागते. मामानं फोन करायचा नाही, असा हुकूम झालाय. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी कागद घेऊन बसलोय. गुंजीची हवा मानवते का? डॉक्टर म्हणाले झाडी असेल तिथं न्या, आणि माधवीचं सासर नेमकं गुंजीला निघालं. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन तंबाखूच्या धुरळ्यात बिड्या वळल्या, की शेवटी माणसाला झाडी बघायला मिळते. (हे वाक्य गाळ. डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन काय सांगितलं ते जावईबापूंनी मला कळवलंय. 'फार तर दिवाळी' हे शब्द मी शालूला सांगितले नाहीत. तूही आईला सांगितले नाहीस म्हणे. बरं केलंस.)

पहिली बातमी अशी की दुकान बंद करतोय. हायवेवर काचेचं मोठं दुकान झाल्यापासून आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणजे चुकून आलेलं. कागलची माणसं सीमेपलीकडून आपल्याकडं स्वस्त म्हणून पेट्रोल भरायला येतात, टाकी भरून परत जातात. टाकीसोबत पावशेर डाळ न्यावी असं एकालाही वाटत नाही. आणि तू गुंजीला गेल्यापासून तर भवानीचेच वांधे आहेत. तुला आठवतं ना, बिड्या वळायला बसायच्या आधी, सकाळी सहाला, मी फळी उघडली की तू हजर. काडेपेटी तर काडेपेटी, डाळ तर डाळ, पण पहिली विक्री तुझ्या हातची. तुझा हात चांगला म्हणून मीच तुला तशी सवय लावली होती. भवानीला उधारी नाही आणि भवानीला भावात सूट नाही, ही आपल्या आप्पांची शिकवण. तू कधी भाव केलाही नाहीस. आता सकाळी अकरा वाजेपर्यंत कोण फिरकत नाही, आणि अकराला येतो तो चौकातली वाट विचारायला येतो.

पण आक्का, एक गिऱ्हाईक अकरा वर्षं न चुकता येतं, त्यानं एक चिमूट मीठसुद्धा कधी घेतलं नाही, आणि त्याच्यामुळे मी तुझा मोठा गुन्हेगार झालोय. त्याचीच हकीकत सांगायला हे पत्र आहे. त्याचं नाव तम्मण्णा, राहणार सदलगा. काळी छत्री, खांद्याला पिशवी, मिशीला थोडा कलप. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं पिशवीतून लांबलचक कागद काढला आणि म्हणाला, "भाव सांगा री." तूरडाळ मध्यम, गूळ पिवळा, खोबरं, साबण, काडेपेटी, कंदिलाची काच. अडतीस जिनसा! आता तूच सांग, एकदम अडतीस जिनसांचे भाव विचारणारा माणूस म्हणजे काय समजायचं? मला वाटलं, लग्नाचं सामान, नाहीतर एखाद्या वसतिगृहाचा ठेका. मी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, आणि प्रत्येक भाव किलोला पाच-दहा रुपये उतरवून सांगितला. त्यानं सगळं लिहून घेतलं, चहा प्याला, नमस्कार करून गेला. घेतलं काहीच नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा आला, पुन्हा तोच कागद. मी म्हटलं, पलीकडच्या गल्लीत कुणीतरी माझ्यापेक्षा स्वस्त सांगतोय. आणखी उतरवले. तिसऱ्या महिन्यात तूरडाळीचा भाव मी असा सांगितला की त्या भावात मला रिकामं पोतंही मिळालं नसतं. चौथ्या महिन्यात शालू म्हणाली, "अवं, त्यो सरकारी माणूस हाय, त्येच्या गळ्यात पट्टी हाय, वाचा की!" वाचली. देशात महागाई किती झाली हे मोजायला सरकार ठरलेल्या दुकानांतून ठरलेल्या जिनसांचे भाव घेतं, आणि निपाणीतल्या एवढ्या दुकानांतून आपलं दुकान निघालं होतं! मला आधी अभिमान वाटला, मग घाम फुटला. आता खरे भाव सांगितले तर एका महिन्यात डाळ पंधरा रुपयांनी चढलेली दिसणार, आणि साठेबाज म्हणून मलाच धरणार. म्हणून मी शहाणपणा केला. खरा भाव दहानं वाढला की तम्मण्णाला चारनं सांगायचा. विहिरीला थोडं थोडं पाणी चढावं तसं हळूहळू वर यायचं, असा बेत. ते वर येणं अकरा वर्षांत काही जमलं नाही.

त्या कंदिलाच्या काचेचीही एक गोष्ट आहे. ही काच देशाच्या टोपलीत आहे. टोपली म्हणजे सगळा देश काय काय विकत घेतो त्याची यादी. ती एकदा ठरली की वर्षानुवर्षं बदलत नाही. निपाणीत कंदील लावणारा शेवटचा माणूस मारुतीराव पिंजारी, तो वारल्याला सात वर्षं झाली. तरी मी कोल्हापूरहून मुद्दाम दोन काचा आणून ठेवल्या, कारण तम्मण्णानं विचारलं आणि नाही म्हणालो तर देशाच्या टोपलीला भोक पडेल. एक काच शालूच्या हातून फुटली. त्या दिवशी मी तिला जे बोललो ते देशाखातर बोललो, पण ती अजून ऐकून घ्यायला तयार नाही. टीव्हीवर बाई म्हणायची, महागाई आटोक्यात आहे, की मी मान ताठ करायचो, ही बाई माझ्याबद्दलच बोलते म्हणून. शालू म्हणायची, आटोक्यात आहे तर मग एक साबण तीन आठवडे पुरवायला का सांगता?

एकदा तू कारखान्यात बिड्या देऊन परत येताना दम खायला दुकानात पोत्यावर बसली होतीस, तेव्हा तम्मण्णा आला होता. आठवतं? तो गेल्यावर तू म्हणालीस, "त्या सायबास्नी लई सवस्त दिलास की रं गुंडू." मी म्हणालो, "आक्का, त्यो सांगायचा भाव हाय, द्यायचा न्हवं." तू हसलीस, आणि हसता हसता तुला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही. मी पाणी दिलं. मग तो विषय तिथंच राहिला.

आता गुन्हा ऐक. गेल्या महिन्यात तम्मण्णा म्हणाला की टोपली नवी होणार, दुकानंही नवी निवडणार, आपलं नाव यादीतून गेलं. येता सोमवार शेवटचा. मला गहिवरून आलं. म्हटलं, तम्मण्णा, जाता जाता एवढं सांगा, ह्या भावांचं सरकार करतं काय? तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "लई कायकाय करतंय री. आता हेच बघा, बिडीवाल्यांचा महागाई भत्ता. आकडा चढंल तसा चढतोय, न्हाय चढला तर न्हाय." त्याचं बिस्कीट चहात पडलं आणि माझं काळीज कुठं पडलं ते मला अजून सापडलेलं नाही. म्हणजे बघ, डाळ महागली ती मी कमी महागली म्हणून सांगितली. आकडा चढला नाही. आकडा चढला नाही म्हणून तुझा भत्ता चढला नाही. भत्ता चढला नाही म्हणून तू दिवसाला आठशे बिड्यांवरून अकराशेवर गेलीस. दोन्ही पोरींची शिक्षणं त्या वरच्या तीनशे बिड्यांवर झाली, आणि तुझी छातीही त्या वरच्या तीनशेंवरच गेली. (हे सगळं वाच, गाळू नकोस. पण भराभर वाच.)

रात्रंदिवस हेच डोक्यात असल्यामुळे मी तुझ्या सौम्याची कॉलेजची पुस्तकंही माळ्यावरून काढली. (तुझ्या बहिणीनं त्यातल्या अर्ध्या पानांवर मेंदीची नक्षी काढलीय. तू अर्थशास्त्र शिकवतेस खरी, पण तुला विचारलं असतं तर तू हसली असतीस.) त्यात लिहिलंय की सगळ्यांचं उत्पन्न एकत्र करून माणशी वाटलं की दरडोई उत्पन्न निघतं. म्हणजे समोरच्या तंबाखूच्या वखारीचा मालक आणि तू, दोघांचं मिळून सारखं वाटलं तर आक्का, तुझ्याकडे अर्धी मोटार आहे, आणि त्याच्याकडे अर्धा खोकला. तो त्याचा अर्धा घ्यायला कधी आला नाही. आणखी लिहिलंय की जे जे पैसे देऊन विकत घेतलं ते ते देशाच्या उत्पन्नात धरतात. तू बिडी वळलीस, वाढ. ती कुणी ओढली, वाढ. तुझी छाती भरली, वाफेचं यंत्र आणलं, इंजेक्शनं टोचली, बेळगावला गाडी करून नेलं, सगळी वाढच. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती मात्र धरत नाहीत, कारण तिला पैसे पडत नाहीत. चाळीस वर्षं तू विश्रांती का घेतली नाहीस ते मला आत्ता कळलं. देशाला ती परवडली नसती.

तर आक्का, असा हा सगळा प्रकार. तुझ्या धाकट्या भावानं एका परक्या माणसापुढं चांगलं दिसण्यासाठी सगळ्या देशाची महागाई दाबून धरली आणि तिच्याखाली तू सापडलीस. मला माफ कर. जावईबापूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. वाफ वेळेवर घे.

तुझा,
गुंडू

ता. क. १ : हे पत्र पाकिटात घालायच्या आधी राहवलं नाही म्हणून तम्मण्णाला सदलग्याला जाऊन गाठलं आणि सगळं कबूल केलं. वाटलं, तो हबकेल. तो हसला. म्हणाला, "गुंडूअण्णा, असली शेकड्यानं दुकानं हाईत री. तुमच्या एका डाळीनं देश हलत न्हाय." म्हणजे मी गुन्हेगार नाही. तुझा भत्ता माझ्यामुळे अडला नाही, तो आपला आपणच अडला. शालूनं देवापुढं साखर ठेवली. मी मात्र परतीच्या एसटीत सगळा रस्ता रडत आलो. का, ते घरी येईपर्यंत मला कळलं नव्हतं.

ता. क. २ : माधवी, कंसातलं मनात वाच म्हणालो होतो, तेही आता आईला मोठ्यानं वाचून दाखव. डॉक्टरांचं सोडून. ते तिला कळलं असणारच, पण तिला कळलंय हे आपल्याला माहीत नाही असं तिला वाटतंय, तेवढं राहू दे.

ता. क. ३ : आक्का, खरं सांगतो. तम्मण्णाला मी डाळ हल्ली एकशेतीस सांगायचो, आणि त्याच डाळीचे पैसे तुझ्याकडून सकाळी सहाला दीडशेच्या भावानं घ्यायचो. भवानीला सूट नसते म्हणून. अकरा वर्षं हीच तऱ्हा, आकडे तेवढे बदलले. जो माणूस काहीच घेत नव्हता त्याला स्वस्त, आणि जिच्या हातानं माझं दुकान चाललं तिला पुरा भाव. त्या दिवशी पोत्यावर बसून तू हे ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा दीडशेच्याच भावानं घेऊन गेलीस, एक शब्द बोलली नाहीस. देशाचं काय व्हायचं ते होवो, हे माझ्यानं सोसवत नाही.

म्हणून पत्रासोबतच बसच्या पार्सलात अर्धा किलो तूरडाळ पाठवलीय, शनिवारी पोचेल. फुकट नाही, फुकटाला भाव म्हणत नाहीत. पैसे माधवी फोनवरून पाठवेल. पण आधी सोमवारी सकाळी बरोबर सहाला मला फोन लावायचा. मी फळी उघडून बसलेला असेन. नऊला तम्मण्णा शेवटचा येणार, त्याला एकशेतीस सांगायचा आहे, आणि एकदा तरी तो भाव कुणालातरी दिलेला असावा असं माझ्या मनात आहे. तू विचार, डाळ कशी दिलीस. मी दीडशे म्हणेन. मग तू 'कमी कर की रं' म्हण. माधवी, तिला तेवढं बोलू दे. फार बोलावं लागणार नाही, पहिल्याच शब्दाला मी खाली येईन.