आईंची निळी गाडी आणि माझे दोन चिमटे

१९ जानेवारी

ती. हालवारदादांस,

इंग्वेचा सप्रेम नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? माल्मोत थंडी अशी नसतेच असं तुम्ही नेहमी म्हणता, पण पाठीला ते कुठलं कळतंय. लोकरीचा पट्टा बांधत जा. वहिनींनाही नमस्कार. इकडे तुमची बहीण गुनवूर मजेत आहे, आई ठणठणीत आहेत (हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचता वाचता तुम्ही उठून फोनकडे जायला नको), कुत्र्याचा कानही बरा झाला. थोडक्यात, आपल्या घरात जे जे श्वास घेतं ते ते सुखरूप आहे. गाडीबद्दल मात्र सविस्तर लिहावं लागेल.

गाडी म्हणजे तुम्ही आईंना पंचाहत्तरीला दिलीत ती निळी. तिच्यातली एकेक तार तुम्ही स्वतः तपासली होती, आणि किल्ली त्यांच्या या जावयाच्या हातात देताना म्हणाला होतात, ‘इंग्वे, चालव, पण बॉनेट उघडू नकोस.’ हे वाक्य गेले सहा दिवस मी रोज आठवतो आहे. तुम्ही चाळीस वर्षं जहाजांच्या विजेचं काम केलेला माणूस, त्यामुळे पुढचं लिहिण्याआधी मी दोनदा पेन खाली ठेवलं.

झालं असं की, मागच्या मंगळवारी आईंना डोळे तपासायला आर्विड्सयाऊरला न्यायचं होतं. पारा उणे चौतीस. सकाळी दहाला निघालो, गाडी एका झटक्यात सुरू झाली, आईंनी मांडीवर पांघरूण घेतलं, कॉफीचा थर्मास पायाशी ठेवला. जंगलातल्या त्या लांबलचक पट्ट्यात आलो (जिथे फोनला रेंज नाही आणि घरही नाही), तर रस्त्याच्या मधोमध रेनडिअर. चाळीसेक असतील. बर्फ नांगरून काढलेला रस्ता चालायला सोपा, म्हणून त्यांनी तिथेच बैठक मारली होती. हॉर्न वाजवला तर एकाने मान वळवून बघितलं आणि परत पुढे बघायला लागला. आई म्हणाल्या, इंजिनाच्या घरघरीने पिल्लं बिचकतात, ते बंद केलंस तर आपण होऊन जातील. मी बंद केलं. दिवे आणि पंखा मात्र चालूच ठेवला, कारण आईंना गार लागू नये (हे कारण मी विचार करून शोधलेलं नाही, खरंच तेच होतं). पाऊण तास रेनडिअर हलले नाहीत. मग मी किल्ली फिरवली. आतून एकदा ‘टक’ असा आवाज आला आणि नंतर तेवढाही येईना.

दादा, उणे चौतीसमध्ये गाडी बंद पडली की पहिली पाच मिनिटं माणूस गाडीवर चिडतो. सहाव्या मिनिटाला काच आतून पांढरी व्हायला लागते आणि राग कुठल्या कुठे जातो. शेजारी तुमच्या एकोणऐंशी वर्षांच्या आई. त्या नुसत्या हातमोज्यावर हातमोजा चढवत होत्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात मागून सिगब्रित आली. सिगब्रित म्हणजे आमच्या भागातली टपालवाली. तिची नवी पांढरी व्हॅन, मागे पत्रं आणि पार्सलं. तिने व्हॅन आमच्या नाकाला नाक लावून उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि विचारलं, ‘केबल आहेत ना तुमच्याकडे? मला त्यातलं काही कळत नाही हं.’ मी म्हटलं, मला कळतं.

एका बॅटरीची वीज दुसरीला देणाऱ्या त्या केबल माझ्याच, जुन्या, लाल अधिकची आणि काळी वजाची. दोन्हींची कातडी काळपट पडलेली, आणि लाल केबलचा एक चिमटा तुटला तेव्हा मी त्या जागी काळा बसवला होता. कुठला कुठे बसवला ते मला पाठ होतं. म्हणजे उन्हाळ्यात होतं. थंडीने डोळ्यांत पाणी येऊन पापण्या चिकटत होत्या, बोटं लाकडासारखी झालेली, दोन्ही बॅटऱ्यांवर बर्फाची साय. जानेवारीतल्या दुपारचा तो निळा उजेड तुम्हाला आठवत असेल, त्यात लाल आणि काळं सख्ख्या भावांसारखं दिसतं. आई शेजारी टॉर्च धरून उभ्या होत्या. मी पहिले तीन चिमटे लावले. चौथा टेकवला.

प्रकाश पडला. एवढंच आधी कळलं. मग फटका ऐकू आला, मग माझी टोपी बर्फात पडलेली दिसली. केबल हातभर धुरात शेवयांसारख्या लोंबायला लागल्या, प्लास्टिक जळल्याचा वास सुटला. सिगब्रितच्या व्हॅनचं इंजिन एकदा आचका देऊन थांबलं, तिच्या समोरचे सगळे आकडे आणि दिवे विझले. तुमच्या निळ्या गाडीचे वायपर आपोआप अर्ध्यावर आले आणि तिथेच राहिले, ते अजून तिथेच आहेत. मी लाथ मारून केबल तोडली (हातात हिंमत नव्हती). मग इतकी शांतता झाली की लांब कुठेतरी फांदीवरून बर्फ पडल्याचं ऐकू आलं.

रेनडिअर मात्र गेले. फटका ऐकून सगळे एकदम उठले आणि रस्ता मोकळा झाला.

आता रस्ता होता, गाड्या दोन होत्या, आणि चालणारी एकही नव्हती. गॅरेजवाल्याने नंतर सांगितलं की दोन्हींचे मुख्य फ्यूज उडाले, दोन्ही अल्टरनेटर गेले, आणि आतले छोटे संगणक पार भाजले. तो असंही म्हणाला की अशा वेळी बॅटरी फुटून तोंडावर ॲसिड उडतं, मी नशीबवान. ते ऐकल्यापासून मला झोप नाही, कारण टॉर्च धरून माझ्यापेक्षा जवळ आई उभ्या होत्या.

त्या दुपारी मी खरोखर घाबरलो, दादा. सिगब्रित रडायला लागली. आईंनी तिला थर्मासमधली कॉफी दिली आणि शेकोटी करू म्हणाल्या. झाडांखाली वाळक्या काटक्या मिळाल्या, पण पेटवायला कागद हवा. आईंनी व्हॅनकडे बोट दाखवलं. सिगब्रित रडणं थांबवून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, टपाल जाळता येत नाही, मी शपथ घेतली आहे. आई म्हणाल्या, ‘पत्रं नको ग जाळू. गाद्यांच्या सेलची पत्रकं आहेत ना, ती कोण मागतंय?’ सिगब्रितने बराच विचार केला. शेवटी एकेका पत्रकावरचा पत्ता मोठ्याने वाचून, त्या माणसाची माफी मागून तिने ती जाळायला दिली.

मी जरा पुढे जाऊन आलो. चढावर रेंज मिळते म्हणून. तिथून फोन लागला, बर्फाचा नांगरवाला आला, आणि त्याच्या उबदार केबिनमध्ये बसून आम्ही सगळे घरी. आईंचे डोळे आता पुढच्या महिन्यात तपासायचे आहेत.

असं सगळं आहे. चूक थंडीची, उजेडाची आणि त्या एका चिमट्याची. राग मानू नये ही विनंती. वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुमचा,
इंग्वे

ता. क. चूक चिमट्याची नव्हती. आईंनी टॉर्च मारून मला सांगितलं होतं, ‘अरे, तिथे वजाची खूण दिसतेय.’ दोनदा सांगितलं. मी म्हणालो, ‘आई, तीस वर्षं करतोय मी हे.’

ता. क. दुसरा. म्हणून मुख्य मागणं असं की उत्तर पत्राने पाठवा. फोन करू नका. तुमचा आवाज ऐकायची ताकद आत्ता माझ्यात नाही.

हालवार, हे मी, आई लिहितेय. पाकीट बंद करायला त्याने माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ‘जरा पुढे जाऊन आलो’ म्हणतो ते नऊ किलोमीटर आहे. स्वतःचा फरचा कोट माझ्या अंगावर टाकून, नुसत्या स्वेटरवर पळत गेला. वाटेत दोनदा पडला, हे नांगरवाल्याने सांगितलं, त्याने नाही. तो सहा दिवस इस्पितळात आहे. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तुला कळवायचं नाही असं त्याने गुनवूरकडून वदवून घेतलंय. माझ्याकडून घेतलेलं नाही. फोन वाजला की तूच असशील म्हणून तोंडावर पांघरूण ओढतो.

तू फोन कर. गाडीचं नाव काढू नकोस. पाय कसा आहे, एवढंच विचार.