तुळशीपाशी थांबणारी गाडी

मानवत, सोमवार

ती. दाजी,

बन्सीधरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगाला आठ अंगं लागतात. रूळ ठोकून ठोकून माझी कंबर धरलीय, तेव्हा सध्या सहा अंगांवर भागवून घ्यावं.) आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायचं थांबलं का? फोनवर काहीही विचारलं तरी तुम्ही "हां, जेवलो" म्हणता, म्हणून हे सगळं कागदावर.

विषय तुमच्या इंजिनाचा. आमच्या अपेक्षाच्या नवव्या वाढदिवसाला तुम्ही ते हातभर इंजिन दिलंत आणि भरल्या पंगतीत जाहीर केलंत, "इंजिन माझं, रूळ तुमचे. अक्षय्य तृतीयेला मी येतो. अंगणात पुरा फेरा मारला न्हाई तर इंजिन येलदरीच्या योगीराजच्या पोराला." (योगीराज माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, आणि लहानपणापासून माझी प्रत्येक वस्तू शेवटी त्यालाच मिळत आलीय. याचा इथे संबंध नाही, पण मी विसरलेलो नाही.) हल्ली पोरगी रोज सकाळी उठल्या उठल्या विचारते, "किती दिस राहिले?" पोरीचा सगळा जीव त्या गाडीत अडकलाय, दाजी.

तुम्ही परभणी जंक्शनला तीस वर्षं रूळ सांभाळले. तुम्हाला विचारून रूळ आणायचे, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. पण मला हौस! मोबाईलवर पाहिलं तर बागेतल्या गाडीचे रूळ तीन जातींचे: प्लास्टिकचे, अल्युमिनियमचे आणि पितळेचे. मी प्लास्टिकचे मागवले. रंग छान होता. मांडले, इंजिन ठेवलं, बटन दाबलं, ढिम्म. चार दिवस मी इंजिनाला तुमच्या नावानं शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी कळलं की या इंजिनाला वीज रुळातूनच मिळते, आणि प्लास्टिकमधून वीज जात नाही. तोवर चैत्राच्या उन्हानं रूळ इतके वाकडेतिकडे झाले होते की वीज असती तरी गाडी चक्कर येऊन पडली असती.

मग अल्युमिनियमचे आणले. हलके, चकचकीत, आणि गाडी सुटली की हो! पण जागा वाचवायला मी वळण लय आखूड घेतलं होतं. दर वळणावर इंजिन आडवं, चाकं वर. (इंजिन तुमचं असल्यामुळे घरात कुणी हसलं नाही. मीच हसलो.) वळण मोठं करायला रूळ काढून ठेवले, तेवढ्यात शेजारच्या आबासाहेबांची म्हैस अंगणात आली आणि त्यावरूनच फिरून गेली. आबासाहेब म्हणाले, "म्हशीला लागलं तर न्हाई ना?"

शेवटी पितळेचे आले. दाजी, हे खरे रूळ. जड, ठाम, ऊन असो नाहीतर म्हैस. माझी बाज हलवून वळण मोठं घेतलं, तुळशीला वळसा दिला, आणि पहिल्याच दिवशी गाडीनं पुरा फेरा मारला. फक्त तुळशीपलीकडे रुळाला लागून अपेक्षाच्या आईनं, शिवकन्येनं, कुरडयांचं लुगडं वाळत घातलं होतं, त्यातल्या अर्ध्या कुरडया गाडीसोबत फिरून आल्या, एवढंच. शिवकन्या एक शब्द बोलली नाही. म्हटलं, वयानं स्वभाव निवळला.

आणि दुसऱ्या दिवसापासून नवलच! गाडी झोकात सुटते, वळण घेते आणि तुळशीपाशी आली की गप उभी राहते. चाकं पुसली, तारा तपासल्या, सांधे आवळले, छे. पार गल्लीतल्या बाया आल्या, त्यांनी तुळशीला आणि इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. एकीनं तर नारळ फोडला. मी पहिल्यांदा हसलो, पण दाजी, लोखंडाला कळतं ते माणसाला का कळू नये? आता मी रोज आंघोळ करून तुळशीला पाणी घालतो.

तर तुमच्या येण्याची वाट पाहतोय. आक्काला नमस्कार.

तुमचा,
बन्सीधर

ता. क. तुळशीपाशी आपण स्टेशन धरू. गाडी स्टेशनात थांबली म्हणून प्रवास मोडत नाही, हे तुमच्याच तोंडचं वाक्य आहे. पुढं अपेक्षा जरा हात लावील, तेव्हा तुम्ही चष्मा पुसायला घ्यावा आणि फेरा पुरा धरावा. पाया पडतो.

आ. ता. क. योगीराजला यातलं काही कळवू नये.

दाजी, पाकीट चिकटवायला माझ्याजवळ दिलंय म्हणून मी शिवकन्या हे खाली लिहायलेय. गाडी लय गुणाची हाय. तुळशीपाशी दोन हात रुळाला ओली हळद मीच लावते. हळद वाळली की तिथं वीज लागत न्हाई, गाडी थांबती, माझ्या कुरडया वाचत्यात. हळद अपेक्षाच कालवून देती. ती रोज विचारती ना, किती दिस राहिले, ते कुरडया वाळायला. तुमी यायच्या दिशी कुरडया उचलून ठेवते, रूळ चिंचेनं घासते. फेरा पुरा व्हईल, चष्मा पुसू नका. फकस्त ह्यांना सांगू नका. लग्नाला बारा वरसं झाली, हा माणूस पहिल्यांदाच रोज सकाळी आंघोळ करायलाय. आन् तुमी गेले की मी परत हळद लावणार, पापड राहिलेत.