यंदा झाड कुठलं आणावं

बाबा, गेल्या रविवारी मी सदरच्या बाजारात नाताळचं झाड घ्यायला गेलो होतो. तुम्हाला नवल वाटेल. आपल्या घरात असलं झाड कधी आलं नाही, आणि तुमच्यानंतर काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. माझ्या मुलीनं ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. मी वर्षभर तिच्याशी बोललो नव्हतो. मग नात झाली आणि माझी सगळी अकड गळून पडली. नात आता पाच वर्षांची आहे, आणि तिला दमा आहे. त्यांच्या घरी रंगकाम काढलंय, त्या वासानं पोरीला त्रास होईल म्हणून महिनाभर मायलेकी मदन महलला आमच्याकडे राहायला आल्यात. जावई संध्याकाळी येऊन भेटून जातात. त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तेव्हा ते मुलीला हळूच म्हणत होते, ‘इस साल ट्री रहने दो. पापाजी को अच्छा नहीं लगेगा.’ मी पेला तसाच खाली ठेवला. बाहेर येऊन म्हटलं, ‘ट्री मैं लाऊँगा.’ जावई दचकले. माझ्या बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घर विकायला काढलंय.

बोलून तर बसलो, पण तेव्हापासून झोप नीट नाही. डॉक्टरांनी मुलीला बजावून ठेवलंय, धूळ नको, उग्र वास नको, ओल नको, बुरशी नको. मग झाड आणायचं कुठलं? खोक्यातलं प्लास्टिकचं आणलं तर धूळ, मातीतलं आणलं तर ओल. मला वाटलं, नवंकोरं प्लास्टिकचं बरं, त्याला कसली आलीय धूळ. म्हणून रविवारी नातीला स्कूटरवर पुढे उभं करून सदरला घेऊन गेलो. दुकानदारानं वरच्या फळीवरून खोका काढला, झाड उलगडलं आणि फांद्या झटकल्या. हिरवा चुरा उडाला. पोर आधी हसली, ‘आजोबा, देखो, कित्ता बड़ा!’ मग खोकली. मग पुन्हा खोकली. आणि मग तिच्या छातीतून ती बारीक शिट्टी सुरू झाली. दम्याचा पंप माझ्या खिशात होता, तरी मी दोन्ही खिसे चाचपत राहिलो. सापडला तर त्याचं टोपण निघेना. दुकानदारानंच काढून दिलं. दोन दाबांनंतर ती शांत झाली, माझ्या खांद्यावर मान टाकून म्हणाली, ‘अब घर चलो.’ घरी मुलगी बोलली ते बरोबरच होतं. ‘पप्पा, तिला काहून नेलं तिथे? मला विचारायचं तरी होतं. एवढी घाई काय होऊन राहिली होती?’ घाई झाडाची नव्हती. ती जावयांच्या मनातून ते अबोल्याचं वर्ष पुसून टाकायची होती, पण हे मुलीला कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी एकटाच नर्सरीत गेलो. तिथे कुंड्यांत ती झाडं ओळीनं मांडलेली होती, फांद्यांचा एकावर एक घेर, वर निमुळता शेंडा. मी त्यातल्या एकासमोर उभा राहिलो आणि बाबा, मला कुंडम आठवलं. जंगल खात्यात असताना तुमची बदली तिथे झाली होती, आपल्या क्वार्टरमागेच खात्याची रोपवाटिका होती, आणि तिच्या कोपऱ्यात तुम्ही पचमढीहून डालड्याच्या डब्यात आणलेलं पाइनचं रोप लावलं होतं. त्या हवेत ते जगणार नाही असं सगळे म्हणायचे. तुम्ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन आधी त्याच्याकडे जायचात. मी अकरा वर्षांचा झालो तोवर ते माझ्यापेक्षा उंच झालं होतं. त्या डिसेंबरात शाळेत बाईंनी विचारलं, नाताळच्या कार्यक्रमाला झाड कोण आणेल? माझा हात वर गेला. तुम्ही दौऱ्यावर होतात. आई दुपारची पडली होती. मी कोयता घेऊन गेलो. खोड मनगटाएवढंसुद्धा नव्हतं, पण तुटेपर्यंत मी घामाघूम झालो. हाताला लागलेला चीक तीन दिवस गेला नाही.

तुम्ही परतलात आणि उरलेलं खोड पाहिलंत. मी खिडकीत आहे. तुम्ही उकिडवे बसता, त्या खोडावर अंगठा फिरवता, आणि मग माळ्याला हाक मारता. त्याच्या बकऱ्या रोपवाटिकेत शिरतात म्हणून आधीच तुमचा त्याच्यावर राग होता. सगळ्यांदेखत तुम्ही त्याला बोललात. तो फक्त एवढंच म्हणत राहिला, ‘साहब, मैंने नहीं काटा.’ मी खिडकीतून बाजूला झालो. दोन दिवसांनी कार्यक्रमाला पालक म्हणून तुम्ही आलात, आणि समोर कापूस चिकटवलेलं, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या चांदण्या लावलेलं ते झाड उभं होतं. तुम्ही ओळखलंत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघतच होतो. तुम्ही सगळी गाणी संपेपर्यंत बसलात, टाळ्याही वाजवल्यात. परत येताना अर्ध्या वाटेत म्हणालात, ‘मागितलं असतं, तर मुळासकट काढून दिलं असतं.’ मार नाही, आवाज नाही. पण घरी न जाता तुम्ही मला माळ्याच्या घरी नेलंत. तो जेवत होता, उष्ट्या हातानंच उठला. तुम्ही त्याच्यापुढे हात जोडलेत आणि म्हणालात, ‘गलती मेरी थी, भैया. माफ करना.’ माझं नावही घेतलं नाहीत. मी तुमच्या मागे उभा होतो. ‘मी कापलं’ एवढे दोनच शब्द होते, ते काही केल्या तोंडातून बाहेर येईनात. तुम्ही वाट पाहिलीत का, बाबा? मला अजून वाटतं की तुम्ही क्षणभर थांबला होतात.

नर्सरीवाला म्हणाला, ‘अंकल, ये काटने वाला नहीं है. गमले में सालों चलेगा.’ मी कुंडीतल्या मातीचा वास घेतला, बुरशीचा आहे की नुसता ओलीचा, ते कळेना. रिकाम्या हातानं परत आलो. बायकोनं दारातच विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, पोरीबद्दलची भीतीही आणि जावयांचं ते वाक्यही. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘घरातच कशाला पाहिजे? व्हरांड्यात ठेवा ना, खिडकीसमोर. पोर आतून बघेल.’ एवढं साधं मला दोन दिवसांत सुचलं नव्हतं. मग मुलीला विचारलं. तिनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, चालेल, बाहेर ठेवा, पाणी बेताचं घाला, तिला त्याच्यापाशी खेळू देऊ नका. काल सकाळी मी कुंडी घेऊन आलो. रिक्षात ती दोन्ही पायांत धरून बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला जीव वर येत होता.

संध्याकाळी जावई आले, फाटकातच थांबले. ‘पापाजी, असली वाला?’ मी म्हटलं, ‘हाँ. ठीक है ना? गलत तो नहीं लाया?’ ते म्हणाले, ‘हमारे घर तो हमेशा डिब्बे वाला ही निकलता था. असली तो मैंने भी कभी नहीं सजाया.’ मग बूट काढून ते स्टुलावर चढले आणि शेंड्याला कागदाचा तारा बांधू लागले. स्टूल मी धरलं. आतून खिडकीच्या काचेला नाक लावून नात हुकूम सोडत होती, ‘पापा, थोडा लेफ्ट! आजोबा, तुम्ही हलू नका!’ मराठीत ती एवढंच बोलते, पण ठसक्यात बोलते. तारा सरळ बसल्यावर जावई खाली उतरले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. मी त्यांना लग्नाच्या वेळच्या त्या वर्षाबद्दल काहीतरी म्हणणार होतो. चहा घेता का, असं विचारलं.

हे सगळं मी नातीच्या चित्रांच्या वहीतल्या कागदावर लिहितोय. ती दुपारची झोप काढून उठली की मागची कोरी बाजू रंगवायला मागेल, आणि मी देऊन टाकीन. मग यावर बहुधा हत्ती येईल किंवा गाडी. काल झाड लावल्यापासून मी तिला सारखा जवळ घेतोय. जेवताना, दात घासताना, मध्येच खेळता खेळता. ती वैतागते, ‘आजोबा, कितना लाड करते हो!’ मुलगीही हसते, म्हणते, ‘पप्पा, तुम्ही आमचे इतके लाड कधी केले नाहीत.’ मी त्यांना तसंच वाटू देतो. तुम्हाला म्हणून सांगतो, बाबा, लाड नसतात ते. तिच्या पाठीला कान लावून मी शिट्टी ऐकू येते का ते बघत असतो.