मुलीची आई घुमी आहे

३ ऑगस्ट
दुपारी गल्लीतल्या चौघी दुकानात. फॉल-पिकोच्या साड्या नुसतं निमित्त. गौरीच्या झिम्म्यात यंदा मी धोतर-मिशी लावून सोंग काढावं म्हणून आल्या होत्या. "काकू, दोन वर्षं झाली की. आता किती दिवस?" म्हटलं बघू. खरं म्हणजे अंगात जीव नाही. हे गेल्यापासून मिशी लावायची इच्छाच होत नाही.

जाऊबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. "आता शोभतं का ते?" एवढं म्हणून वर गेल्या.

लहानपणी आई म्हणायची आगाऊ. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणायच्या खुळी. चाळिशीत गल्लीनं गमतीदार केलं. एकदा तर हळदीकुंकवात माईकवरून हास्यसम्राज्ञी म्हणाले, नारळ देऊन सत्कार केला. आता नवरा गेल्यावर, शोभतं का. काम तेच. भावजी लग्नात नकला करतात, ते मात्र कलाकार.
हे काही नाव ठेवायचे नाहीत. "झाली सर्कस सुरू," म्हणायचे आणि पेपर बाजूला ठेवायचे.

९ ऑगस्ट
उद्या कोडोलीचे पाहुणे आशूला बघायला येणार. मुलगा डेअरीत नोकरीला, घरची शेती. पाटीलमामांनी स्थळ आणलं. पोरं दोन महिने फोनवर बोलतायत, त्यांचं त्यांनी ठरवलंय. मोठ्यांचं तेवढं राहिलं. आशूला हे स्थळ हवंय. तोंडानं म्हणत नाही, पण तिचा फोन वाजला की मला कळतं.

भाजी निवडताना म्हणाली, "आई, उद्या तू काय बोलू नकोस हं. पोहे दे आणि बस."
"कायच नको?"
"कायच नको."
फार वाईट वाटलं. सव्वीस वर्षांची लेक, तिलाही माझी लाज वाटायला लागली. बरं म्हटलं.

१० ऑगस्ट
आले, गेले. सात माणसं. मुलाचे वडील म्हणाले, "मीठ जरा जास्त झालंय, पर आम्ही पन्हाळ्याकडची माणसं, चालतंय." याला माझ्याकडे तीन उत्तरं होती. तिन्ही गिळली. विचारलं तेवढ्याला हो, नाही. दिवसभर मशीनवर बसून दुखत नाही एवढी पाठ दोन तास गप्प बसून दुखली.

१४ ऑगस्ट
पाटीलमामांचा फोन. मुलगी पसंत, शिक्षण पसंत. पण मुलाच्या आईचं घोडं अडलंय. "वैनी, राग मानू नका. त्या म्हणत्यात, पोरगी झ्याक हाय, पर आई लई घुमी. मनात काय हाय कळंना. असल्या घरात सोयरीक कशी करायची?"

फोन ठेवून एकटीच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चोपन्न वर्षांत हे नाव पहिल्यांदाच मिळालं. मग हसू गेलं. लेकीचं लग्न माझ्या गप्प बसण्यानं मोडायचं, म्हणजे काय म्हणायचं याला.

मामा म्हणतात, घर बघायला म्हणून कोडोलीला या, दोन शब्द मोकळं बोला. पितृपक्षाच्या आत ते काय ते कळवतील.
आशूला विचारलं, "मग आता बोलू?"
"जरा. लई नको."
जरा म्हणजे किती ते मापून तरी द्यायचं.

२४ ऑगस्ट
कोडोलीला जाऊन आलो. आशू, भावजी, जाऊबाई बरोबर. घर चांगलं, गोठा लख्ख. मुलाची आई माझ्यासमोर येऊन बसली, मी बोलायची वाट बघत. आणि मला काही सुचेना. एक शब्द नाही. असं कधी झालेलं नाही. चहा झाला, म्हशी बघून झाल्या. भावजींनी एक नक्कल केली, सगळे हसले.

शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "तुम्ही कायम अशाच व्हय ओ?"
"न्हाय ओ. लेकीनं बजावून ठिवलंय."
खरं तेच तोंडातून गेलं. कुणी हसलं नाही. आशूची मान खाली. कॉटवर पडलेली मुलाची आजी तेवढी टक लावून बघत होती.

२५ ऑगस्ट
आशू कामावर गेली नाही. आधी भांडली, मग रडली.
"मला तुझी लाज न्हाय वाटत, आई. पप्पा गेल्यापासनं तू दुकानात बायकांना हसवतीस आणि घरात माझ्यासंगं मुकी. त्या दिवशी पावण्यांपुढं एकदम आधीसारखं बोलली असतीस तर मला रडूच आलं असतं. म्हणून गप बस म्हटलं."

मला हे कळलंच नव्हतं. आईच्या जातीला कळायला पाहिजे होतं. दुकानातून घरी येते तेव्हा आत काही उरलेलं नसतं गं, एवढंच सांगता आलं. मग दोघीही रडलो. भात करपला, तसाच खाल्ला.

२ सप्टेंबर
गौरी गेल्या. झिम्म्याला गेले नाही. कोडोलीचा निरोप नाही. पितृपक्षाला पाच दिवस.

४ सप्टेंबर
संध्याकाळी मुलाचा फोन. आशूला नाही, मला. "काकू, आजीला तुमच्याशी बोलायचंय."

म्हातारी थेटच. "तू तीच न्हवं, लेकीनं बजावल्याली? त्या दिशी समद्यांत जमलं न्हाय, आता बोल. दिसभर पडून लई कट्टाळा येतोय."

नको म्हणायचंही त्राण नव्हतं. सकाळी एक बाई एकाच साडीचा फॉल तिसऱ्यांदा उसवायला घेऊन आली होती, तिचं सांगितलं. तिचा आवाज काढला. बाहेर स्कूटरवर ताटकळलेल्या तिच्या नवऱ्याचा काढला. म्हातारी हसायला लागली. खोकली, परत हसली. मागून कुणीतरी, "आत्ती, दम लागंल!" मुलाची आईच ती, सासूला दटावत होती. मग तीही हसताना ऐकू आली. "ठेव आता, पोट दुखाय लागलं," म्हणून म्हातारीनं फोन बंद केला. लग्नाचं एक अक्षर नाही.

मशीनवर डोकं टेकून बसले. हसलेलं माणूस पुढं काय करेल, ते मला तीस वर्षांत कधी सांगता आलेलं नाही.

आशू कामावरून येऊन दारात उभी. चप्पलही काढली नव्हती.
"काय म्हणाल्या?"
"हसल्या."
"म्हणजे, हो?"
"हसल्या, आशू."