साईराजच्या कागदावरला शब्द

कुंडल, ४ फेब्रुवारी

चि. पूजास, अण्णाचे अनेक आशीर्वाद.

माझ्या हातचं सांगायचं तर दोन लेथ, शेंगा फोडायचं यंत्र, तुझी पहिली सायकल, आणि ओतीव लोखंडावर वाळूचा मारा करणारी पेटी. सातवी नापास माणसानं! पेटीचं दार अर्धा मिलीमीटरही चुकलेलं नाही. बनाबाईचा साईराज आपल्याच कारखान्यात नऊ वर्षं त्याच पेटीवर होता, म्हणून तर चेक देशात कामाला लागला. पाच महिने झाले नाहीत तोवर तिथल्या डॉक्टरनं त्याला घरी बसवलंय. कागद आलाय. जाड अक्षरात एकच शब्द, सिलिकोझा. फोनवर अर्थ शोधला तर भलतंच सांगतो, माझा विश्वास नाही. साईराज म्हणतो, मामा, साधा खोकला हाय, लय मनावर घेऊ नका. तू लॅटव्हियात डॉक्टरकी शिकतेस, तूच नीट बघून कळव. जेवत जा.

तुझा अण्णा

रीगा, ८ फेब्रुवारी

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचा फोटो मिळाला. फोन खरं सांगतोय. इथल्या भाषेत तो सिलिकोझे. दोन्हीकडं लॅटिनमधून आलाय, मुळात अर्थ गारगोटी. गारेची धूळ फुप्फुसात बसते, फुप्फुस कडक होत जातं. ते परत पहिल्यासारखं करणारं औषध नाही, अण्णा. आमचे सर म्हणाले, पाच महिन्यांत हे होत नाही, आधी तो कुठं होता? पेटीवर तो तोंडाला काय बांधायचा, तेवढं लिहा. रागावू नका.

तुमची पूजा

कुंडल, १३ फेब्रुवारी

चि. पूजास आशीर्वाद.

पंचा. मास्क मागितला तवा मीच म्हटलं, नवरदेव हायस व्हय रं, मुंडावळ्या पण बांधू? सगळे हसले, तोही हसला. धूळ ओढणारा पंखा माझ्या नकाशात होता. जागा अडते म्हणून मीच काढला. कुणी सांगितलं नव्हतं.

काल तुझ्या आत्याला सांगितलं. बनाबाई रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, पोराच्या जागेवर आता कोण हाय? बिराप्पा, म्हटलं, आणि तसाच उठून पेटीची वायर तोडली. बिराप्पाला उद्या सांगलीला तपासायला नेतोय. साईराजला फोन लावला. मामा, जेवलासा का, असं तोच विचारत राहिला.

माझ्यावर लोभ ठेवशील तर ठेव.

अण्णा

ता. क. आज एक कारखानदार आले होते. तशाच चार पेट्या हव्यात, पंख्याशिवाय. निम्मे पैसे आगाऊ देत होते. नाही म्हणून सांगितलं. चारींचे मिळून नऊ लाख साठ हजार.