जुर्तावरची चूल

याकुत्स्क, १८ जुलै १९९८

ती. झूराताईस,
एसेनबेकचा शि. सा. न.

सात वर्षांतलं हे माझं चौथं पत्र. तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढं वाच. तब्येत बरी आहे. बस चालवतो. इथल्या थंडीचं विचारूच नकोस.

ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो त्या वार्वाराआजी परवा मला गवत कापायला घेऊन गेल्या. त्या याकुत, त्यांची बोली मला ओ का ठो कळत नाही, आम्ही रशियनमध्येच बोलतो. कुरणात एक गोल होता, तिथलं गवत गडद. मी सरळ त्यातून निघालो, तशा ओरडल्या, "वळसा घाल! माझ्या आजीची चूल होती तिथं." आणि त्या जागेला म्हणाल्या, सुर्त.

ताई, अंगावर सर्रकन काटा आला. तंबू उठल्यावर गवतात उरतो तो गोल, आपला जुर्त! आमचा तातार मेकॅनिक घराला योर्त म्हणतो, इथं बांधकामावर आलेले तुर्क देशाला युर्त म्हणतात, आपण तर लोकांनाही जुर्तच म्हणतो. ते ठाऊक होतं, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण एवढ्या लांब, या बर्फाच्या मुलखात, तोच गोल, तीच चूल आणि 'वळसा घाल' असं थेट आईसारखं ओरडणं! एकाच मुळाची किती जुनी माणसं गं आपण सगळी. मी वळसा घालून पलीकडे गेलो.

मग ते आठवलंच. तळ हलवताना चुलीचा खड्डा बुजवायचं काम धाकट्याचं. बाबांशी भांडून मी तो उघडा टाकून निघून आलो. त्यांनी तो बुजवला असेल, आणि त्यातच मलाही. मी आलो तर तंबूत घेतील का, एवढं विचारून कळव.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.
एसेनबेक


सोन-कोल कुरण, ९ ऑगस्ट

चि. एसेनबेक यास अ. उ. आ.

शिव्या घालून झाल्या. आता ऐक. बाबांच्या छातीत पाणी भरलंय. हिवाळा निघेल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि ते खाली गावात यायला तयार नाहीत. तुझं पत्र वाचून दाखवलं. आजींचा भाग तीनदा वाचायला लावला. मग म्हणाले, विचार त्याला, त्यांच्यातही जुन्या चुलीपाशी लोणी ठेवतात का. डोळे पुसले ते दुधाच्या वाटीआड, मला दिसू नयेत म्हणून.

खड्डा बुजवलेला नाही. पहिल्या वर्षी मी फावडं घेऊन गेले, तर बाबांनी हातातून हिसकावलं. म्हणाले, "राहू दे. ज्याचं काम राहिलंय तो येईल." तेव्हापासून दर जूनला तंबू वीस पावलं बाजूला ठोकतो. त्या गोलात घोडासुद्धा शिरू देत नाहीत.

तंबूत घ्याल का, तेही विचारलं. तसे उठले. काठी टेकत बाहेर गेले आणि फावडं आणून दारात उभं करून ठेवलं.

आम्ही पंधरा सप्टेंबरला तळ हलवतो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
झूरा


तार, याकुत्स्क, ३१ ऑगस्ट

निघालो. फावडं दारातच असू द्या. चुलीपाशी ठेवायला आजींनी लोणी दिलंय. एसेनबेक.