राष्ट्राध्यक्षांची घरं आणि आपला मका

वेस्ट ब्रँच, आयोवा
मंगळवार, ११ ऑक्टोबर १९९४

प्रिय डेल,

सुखरूप पोचले. गाडी कुरकुरली नाही, मीही नाही. राष्ट्राध्यक्ष हूवरसाहेबांचं जन्मघर पाहिलं. दोनच खोल्या! तिथल्या बाईंनी विचारलं, "एकट्याच फिरताय?" म्हटलं, "भावानं पाठवलंय." "किती गुणी भाऊ!" म्हणाल्या.

पण हे गुण मला पचत नाहीत. तीस वर्षं चौथीच्या मुलांकडून राष्ट्राध्यक्षांची नावं घोकून घेताना मी ही घरं बघायची म्हणत होते, तेव्हा तू ढुंकून पाहिलं नाहीस. आणि यंदा ऐन मक्याच्या कापणीत, नकाशावर लाल पेन्सिलीनं रस्ता आखून मला एकटीला वाटेला लावलंस. बाबा गेल्यापासून कापणीत धान्याचा ट्रक माझ्याशिवाय कुणी चालवलेला नाही. यंदा कोण चालवतंय?

रविवारी वाटेतून फोन केला तेव्हा 'घसा बसलाय, धूळ' एवढंच पुटपुटलास. तुझी हाक तीन शेतांपलीकडे जाते, डेल. वकील दोनदा येऊन गेला, तेही मी खिडकीतून पाहिलंय.

आता सांगूनच टाकते. टेबलावरचं तुझ्या नावाचं बंद पाकीट मी उघडलं नाही, फक्त उजेडात धरलं. 'मंगळवार, सकाळी सात' आणि 'सही आवश्यक' एवढंच दिसलं. आज मंगळवार आहे. शेत तुझ्या नावावर आहे, कबूल, पण घाम दोघांचा आहे. ते विकायचं असेल तर माझ्या तोंडावर विकायचं होतंस.

हवा छान आहे.

व्हर्ना


इंडिपेन्डन्स, मिसूरी
गुरुवार, १३ ऑक्टोबर

डेल,

परवाचं पत्र घरी पडलं असेल. ते वाचू नकोस.

काल वाटेत एका शेतात लाल आणि हिरवे हार्वेस्टर शेजारी शेजारी चालताना दिसले. आपल्याकडे लाल कंपनीचा यंत्रवाला हिरव्या कंपनीवाल्याच्या बांधावर उभा राहत नाही. ते एकत्र येतात ते शेताचा मालक अंथरुणाला खिळला किंवा गेला, तर त्याची कापणी उरकायलाच. बिचारा कोण असेल, असं म्हणत मी पुढे निघाले. तुझा विचारही मनात आला नाही. संशयानं आंधळी झाले होते मी.

आज ट्रूमनसाहेबांच्या घरात खुंटीवर त्यांची टोपी आणि कोट अजून टांगलेला पाहिला. त्यावरून निरोप देताना फाटकाशी उभा असलेला तू आठवलास. इतक्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळलेला! मी तशीच बाहेर पडले आणि शेजारच्या लॉरेनला फोन लावला. सगळं ठाऊक असल्यासारखं विचारलं, "काय गं, आमच्या शेतात किती यंत्रं आली होती?"

"अकरा! लाल, हिरवी, सगळी. मी बटाट्याचं सॅलड करून करून थकले बाई. डेल कसा आहे? घशातली गाठ नीट निघाली म्हणे, पण आवाज गेला ना? तू त्याच्या उशाशी बसून आहेस म्हणून बरं. डेलच म्हणाला, व्हर्ना असणार आहे, दवाखान्यात कुणी यायची गरज नाही."

ती पुढे म्हणाली, "तुझ्या ट्रकला मात्र कुणी हात लावलेला नाही हं. डेलची सक्त ताकीद होती. आणि रस्त्याकडेच्या आठ ओळी उभ्याच ठेवायला लावल्या त्यानं. म्हणाला, त्या व्हर्नाच्या."

गाढवा! मेला असतास म्हणजे? आयसेनहॉवरांच्या अंगणात उभी राहून मी फोटो काढत बसले असते, आणि तू तिकडे एकटा गेला असतास. हे तुला कधीच माफ करणार नाही. मंगळवारची ती सही ऑपरेशनसाठी होती, आणि वकील शेत माझ्या नावावर करायला आला होता, तेही आता उमगलं. ते कागद फाडून टाक. मला शेत नको, तू हवा आहेस.

आयसेनहॉवरांचं ॲबिलीन बघायचं राहिलं. राहू दे. आत्ता निघतेय. दवाखान्यात तुला बघितल्यावर मला धड बोलता येणार नाही, म्हणून हे लिहिलंय. आधी हे वाच, मग माझ्याकडे बघ.

त्या आठ ओळी तू बरा होईपर्यंत उभ्या राहतील, बर्फ पडलं तरी. यंत्र तू चालव, ट्रक मी चालवीन. हाक मारता येणार नाही तुला, तर हॉर्न वाजव. मी येईन.

तुझ्यावर खराखुरा रागावलेली बहीण,
व्हर्ना